गाडग्याला सीटबेल्ट

गॅरेजवाल्याकडं दोन गोष्टी आपोआप साठतात. एक, उरलेले नटबोल्ट. दोन, किस्से. नटबोल्ट मी डब्यात टाकतो आणि किस्से चहाबरोबर बाहेर निघतात. गाडी पुन्हा पूर्ण जोडल्यावरही चार नट कसे काय उरतात, हे मला इतक्या वर्षांत कळलेलं नाही. तुम्हीही गिऱ्हाइकासमोर विचारू नका!

वडवणीत माझं गॅरेज. शेजारी हमीदचाचांची भट्टी. गाडीच्या खाली लोखंडी पट्ट्यांची जी चळत असते, ते पाटे ठोकण्यात चाचांचा हात धरणारं तालुक्यात कुणी नाही. पलीकडं गोरखचं पंक्चरचं दुकान. तिघांचा चहा एकाच किटलीतून येतो. त्यामुळं गाडी कुणाचीही असो, ती तिघांच्या हातून जाते, आणि नेमकी कुणी बिघडवली हे शेवटपर्यंत ठरत नाही.

आमच्याकडचे निम्मे किस्से एकाच गाडीचे आहेत. विलास डॉक्टरच्या जीपचे.

विलास माझा शाळेपासूनचा दोस्त. ढोरांचा डॉक्टर. त्याची गिऱ्हाइकं डोंगरातल्या वस्त्यांवर, जिथं ओढ्यानं सोडलेल्या जागेलाच रस्ता म्हणतात. एकदा एका धनगराची म्हैस अडली. विलासची जीप ओढ्यातल्या धोंड्यावर पोट टेकून बसली. तो औषधाची पिशवी डोक्यावर घेऊन चालत पोचला तोवर रेडकू गेलेलं. म्हैस वाचली, पण त्या घरची बाई म्हशीच्या गळ्याला मिठी मारून रडत होती, ते विलासच्या डोळ्यांपुढून हटेना. मग त्यानं पुण्याकडच्या एका वर्कशॉपात जीप नेली, चांगली वीतभर उंच करून घेतली, आणि भलेमोठे टायर घालून परत आणली.

दिसायला एक नंबर! ओढा, धोंडे, चिखल, कशाला म्हणून दाद देईना. अडचण एवढीच, की डांबरी रस्त्यावर ती आत बसलेल्याचा जीव काढायची. आणि विलासला रोज त्याच गाडीनं फिरायचं होतं.

\*

गाडी अशी उंच करण्याला 'लिफ्ट करणं' म्हणतात. हा शब्द विलासनं गावात सांगितला आणि फसला. दुसऱ्या दिवसापासून स्टँडवर लोक हात करायला लागले. "डॉक्टर, लिफ्टची गाडी ना? मग थांबा की!" नाही थांबला तर मागून ऐकू यायचं, "नावालाच लिफ्ट बे! देत कुनालाच न्हाई!"

पण खरी धमाल केली त्याच्या आईनं. सरूकाकू. वय पंचाहत्तरीच्या पुढं, गुडघे गेलेले, जीभ शाबूत. डोळ्याच्या ऑपरेशनला त्या बीडच्या दवाखान्यात गेल्या होत्या, तिथं त्यांनी लिफ्ट पाहिलेली. विलासनं सांगितलं, "आई, गाडीला लिफ्ट केलंय." काकू म्हणाल्या, लेकानं गुडघ्याची काळजी केली!

विलासचं घर माझ्या गॅरेजच्या समोरच. काकू नवं लुगडं नेसून आल्या आणि गाडीच्या दाराला खेटून, पदर आवरून उभ्या राहिल्या. विलास आत बसून वाट बघतोय, काकू बाहेर उभ्या राहून वाट बघताहेत.

"आई, चढ की."

"चढू कावून? लिफ्ट हाय म्हनला न्हवं? बटन दाब!"

"आई, ही तसली लिफ्ट न्हाई."

"मंग कितव्या मजल्यापत्तर जाती?"

आम्ही तिघं भट्टीआड तोंड लपवून हसलो. शेवटी माझ्याच गॅरेजातलं स्टूल आणलं, त्यावर काकू, मागून आम्ही, आणि "ढकलू नगा, म्या काय पोतं हाय का!" असा गजर करत काकू एकदाच्या आत बसल्या.

\*

त्या दिवशी काकू निघाल्या होत्या चकलांब्याला, माहेरी. त्यांची थोरली बहीण कौसाअक्का गावातल्या गावातच दिलेली. तिचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हापासून ती घराबाहेर पडत नव्हती. फोनवर तिला ऐकू येत नाही. तिचं एकच मागणं होतं: "सरीला म्हनावं, तुझ्या हातचं दही घेऊन ये. दुसऱ्याचं ग्वाड लागत न्हाई." दोन वर्षं दोघी भेटल्या नव्हत्या. एसटीनं जायचं तर बीडला बदला, गेवराईला बदला, फाट्यावर उतरा आणि पुढं पुन्हा बघा. गुडघ्यांना झेपणारं नव्हतं. त्यामुळं सगळी भिस्त जीपवर.

जीप बीडवरूनच माघारी आली. काकू स्वतःच दार उघडून, स्टुलाची वाट न बघता, उडी मारल्यासारख्या खाली आल्या.

"बीड येईपत्तर कवळी तीनदा वटीत पडली! दोनदा टकुरं वर आपटलं. पुन्यांदा या गाडीत पाय ठिवला तर नावाची सरू न्हाई!"

विलास म्हणाला, भाड्याची कार करू. काकूंनी त्याच्याकडं असं बघितलं, की तो डॉक्टर असून त्यालाच ताप भरला असेल. "लेकाच्या दारात गाडी आन म्या भाड्याच्या गाडीत म्हायेरी जाऊ? अक्काच्या सुना काय म्हनतील?"

आता सांगा, करायचं काय? गाडी खाली करावी तर ओढ्यापलीकडच्या म्हशी मरणार. तशीच ठेवावी तर दोन म्हाताऱ्या एकमेकींचं तोंड न बघता जाणार. विलास माझ्यासमोर बसला आणि म्हणाला, "बंकट, उंची राहू दे. फक्त मऊ कर." मी छातीवर हात मारून "झालं समज" म्हणालो. हीच माझी खोड!

\*

काकूंनी अट घातली. "माझ्याआधी गाडगं बसंल."

अट अशी. सकाळी दुधाला विरजण लावून गाडगं जीपमध्ये ठेवायचं. विलासनं दिवसभर त्याच्या कामाला फिरायचं. संध्याकाळी दही नीट लागलेलं निघालं तर काकू बसणार. नाही तर नाही. विरजण लावल्यावर भांडं हलवायचं नसतं, हे आपल्याकडं चार वर्षांच्या पोरीलाही ठाऊक असतं. त्यामुळं परीक्षा कडक होती.

पहिल्या दिवशी विलासनं गाडगं शेजारच्या सीटवर ठेवलं, भोवती चुंबळ, वरून फडकं, आणि पडू नये म्हणून सीटबेल्ट. बीडच्या चौकात पोलिसानं थांबवलं. आत वाकून बघितलं. मग शांतपणे म्हणाला, "डॉक्टर, गाडग्याला बेल्ट हाय. तुमचा कुठंय?"

विलासनं निमूट बेल्ट लावला, पोलिसानंही समज देऊन सोडून दिलं. संध्याकाळी गाडगं माझ्या गॅरेजात आलं. काकूंनी फडकं काढलं, बोट घातलं आणि बोटावर आलेला पांढरा गोळा सगळ्यांना फिरवून दाखवला.

"लोनी आलंय! बंकट्या, ही गाडी हाय का रवी?"

\*

मी कंबर कसली. आधी शॉकअप बदलले. गाडीचे हिसके जिरवायचं काम त्यांचं, म्हणून पहिला संशय त्यांच्यावर. गाडग्यात ताक! मग जिथं लोखंडाला लोखंड घासतं तिथले सगळे रबरी बुश नवे घातले. पुन्हा ताक! फक्त जरा दाट. काकू रोज संध्याकाळी यायच्या, चाखायच्या, आणि निकाल द्यायच्या. "आज मीठ-जिरं घातलं तर खपंल." गल्लीत आमची बदनामी झाली. लोक तांबे घेऊन यायला लागले. "मिस्त्री, आज किती लिटर निघालं?"

त्यात टायरांचा आवाज वेगळाच. मोठ्या नक्षीचे टायर डांबरावर घूं घूं करतात. विलासच्या बायकोनं एकदा फोन केला तर ती म्हणाली, "गिरनीत हाव का तुमी? मंग येताना पाच किलो ज्वारीचं पीठ घेऊन या." विलास आला तो पीठ घेऊनच. समजावत बसण्यापेक्षा ते सोपं होतं म्हणाला.

आठवडाभर मी गाडीखाली उताणा पडलेला. एका दुपारी गोरख हवा भरायचा पाइप घेऊन आला आणि सवयीनं जीपच्या टायरला लावला. मी खालून बघतोय, काटा चढतोय, चढतोय, थांबायचं नाव नाही.

"गोरख, किती भरतोस रे?"

"खडखडीत! नेहमीसारखी."

"नेहमीसारखी म्हणजे कशासारखी?"

गोरखनं डोकं खाजवलं. "ट्रालीसारखी."

आता यात गोरखचा तरी काय दोष? आपल्या भागात दिवाळीनंतर दुसरं काय असतं? ऊसतोडीला माणसं निघतात, ट्रॅक्टर निघतात, ट्रॉल्या निघतात. वर ऊस लादायचा तर हवा दगडासारखीच लागते. गोरखच्या हाताला तेच वळण. बिचाऱ्या जीपमध्ये एक डॉक्टर, एक पिशवी आणि एक गाडगं, आणि टायरात हवा अख्ख्या उसाच्या फडाची!

निम्मी हवा सोडली. फुस्स! त्या संध्याकाळी पहिल्यांदा गाडग्यात दह्यासारखं काहीतरी दिसलं. वर पाणी, खाली खांडोळ्या. आठवडाभर मी जे सामान बदलत होतो, त्याच्यापेक्षा जास्त काम फुकटच्या हवेनं केलं, हे मी आजतागायत कुठल्या गिऱ्हाइकाला सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.

\*

तरी मागून धक्के येतच होते. पाटे कडक होते. पण हमीदचाचा तेव्हा सिरसाळ्याला लेकीकडं गेलते, म्हणून मी माझंच डोकं चालवलं. मागं वजन टाकलं की पाटे दबतात, पाटे दबले की गाडी मऊ चालते. सोपं आहे! विलासनं घरून सरकी पेंडीची चार पोती आणली, मागं टाकली. गाडी खरंच पालखीसारखी चालायला लागली, गाडग्यातल्या खांडोळ्याही मोठ्या झाल्या. मी चहाच्या टपरीवर दोन दिवस कॉलर ताठ करून फिरलो.

तिसऱ्या दिवशी विलासला एका वस्तीवरून बोलावणं आलं. त्यानं जीप गोठ्याशेजारी उभी केली, मागचं फळकं नेहमीप्रमाणं उघडं, आणि आत एका गाभण म्हशीला तपासायला गेला. बराच वेळ लागला. हात धुतोय तोवर गोठ्याचा मालक धावत आला.

"डाक्टर, पळा! आमच्या म्हशींनी तुमच्या गाडीत त्वांड घातलंय!"

बाहेर येऊन बघतो तर सहा म्हशी जीपच्या मागं रांगेत, शिस्तीत. दीड पोतं फस्त. मालक लाजून लाजून मेला, भरून देतो म्हणाला. विलास म्हणाला, "राहू द्या, घरचीच हायती. पन मिस्त्रीला काय सांगू?"

संध्याकाळी जीप पुन्हा दणादण उड्या मारत गॅरेजला आली. विलास खाली उतरला आणि म्हणाला, "बंकट, तुझं सस्पेन्शन म्हशीनं खाल्लं!"

\*

चाचा परत आले, त्यांनी हा किस्सा ऐकला, आणि खोकला लागेपर्यंत हसले. मग गाडीखाली वाकले, बोटानं पाटे मोजले.

"ये कायकू डाले इत्ते? दो पाटे ज्यादा हैं. बेटा, पाटा बोजे के हिसाब से डालते. शौक के हिसाब से नक्को!"

वर्कशॉपवाल्यांनी गाडी उंच करताना ओझ्याच्या गाडीला घालतात तसे पाटे घातले होते. चाचांनी दोन काढले, उरलेले भट्टीत लाल करून त्यांना नवी कमान दिली. उंची तशीच आणि पाटे लवचीक. हे काम मला येत नाही, आणि तसं म्हणायला मला लाजही वाटत नाही.

मग चाचा काकूंच्या घरी गेले. टेप नाही, पट्टी नाही. काकूंना म्हणाले, "बहना, जरा उंबरा चढके दिखाव." काकू चढल्या. मग ओट्याची पायरी चढायला लावली. चाचांनी हाताच्या वितीनं दोन्ही मोजलं. काकूंना न कण्हता जेवढं चढता येत होतं, बरोबर तेवढ्या उंचीच्या दोन लोखंडी पायऱ्या जीपच्या दाराखाली बसल्या. शिवाय धरायला एक कडी.

पायऱ्या बघून काकूंनी चाचांच्या भट्टीवर गरम भाकरी आणि ठेचा पाठवला. मला काही नाही. मी आठवड्याभरात त्यांना फक्त ताक दिलं होतं.

\*

त्या दिवशी दही लागलं! असं घट्ट की गाडगं तिरकं केलं तरी हलेना. गॅरेजात जल्लोष. पण काकू पक्क्या. "एक दिस कुनीबी पास हुतंय. उद्या बघू."

दुसऱ्या दिवशी पुन्हा मोडलं.

विलास शपथेवर सांगत होता, "आई, मी पन्नासच्या वर गेलोच न्हाई." काकूंचा विश्वास बसेना, माझाही बसेना. तेवढ्यात सिरसाळ्याचा एक दूधवाला मोटारसायकलवर कॅन लावून गॅरेजसमोर थांबला.

"डॉक्टर, कुनाची म्हैस अडलती का सकाळी? साठीच्या घरात चाललते तुमी! माझा काटा बघत बघत तुमच्या मागं हुतो."

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश. टायर मोठा, म्हणजे एका फेऱ्यात जास्त जमीन कापणार. मीटरला हे कोण सांगणार? तो बिचारा जुन्या टायरच्याच हिशेबानं पन्नास दाखवतोय. विलासचं तोंड बघण्यासारखं झालं.

"तरीच!" तो म्हणाला. "मला वाटायचं, मी वेळेचा पक्का झालोय."

काकूंनी सुनेला हाक मारली, तिच्या कपाळावरची टिकली काढून घेतली, आणि मीटरच्या काचेवर चाळिशीच्या आकड्यावर चिकटवली.

"काटा टिकलीला शिवला न्हाई पायजे. शिवला तर म्या उतरले."

पुढचे तीन दिवस ओळीनं दही लागलं. चौथ्या दिवशी काकूंनी लुगड्याची घडी मोडली.

\*

चकलांब्याला जायच्या दिवशी मला पण गाडीत घातलं. "बंकट्या मागं बसंल. दही मोडलं तर समदं त्यालाच पाजीन." पहाटे विरजण लावलेलं गाडगं काकूंच्या मांडीवर. दोन्ही हात गाडग्याला. विलासची नजर टिकलीवर. बीड गेलं, गेवराई गेली. मागून एसट्या, ट्रक, एक ट्रॅक्टर, सगळे हॉर्न वाजवत पुढं गेले. शेवटी एक बैलगाडी तेवढी आम्ही मागं टाकली. मी जेवढा घाबरलेलो, तेवढा माझ्या दहावीच्या निकालालाही नव्हतो.

फाट्यावरून आत वळलो तेव्हा काकूंनी फडकं जरासं उचलून बघितलं आणि पुन्हा झाकलं. तोंडावर काही दिसू दिलं नाही.

कौसाअक्काच्या अंगणात जीप थांबली. अक्का ओट्यावर खुर्चीत बसलेली. वाळून एवढीशी झाली होती. तिच्या लेकानं घराभोवती नवी उंच भिंत घातलेली, त्यामुळं ओट्यावरून तिला दिसायचं काय, तर भिंत. दोन वर्षं तीच भिंत.

विलासनं दार उघडलं. "आई, उतर."

काकू उतरेनात. त्या समोर बघत होत्या, भिंतीच्या वरून, लांब.

"आई, मावशी वाट बघतीय."

"तिला वर आन."

"मावशीचा खुबा—"

"खुर्चीसकट आन! चौघं हाव की!"

विलास, अक्काचा लेक, त्याचा शेजारी आणि मी, चौघांनी अक्काला खुर्चीसकट दारापर्यंत उचललं आणि तिला अलगद जीपच्या सीटवर काकूंशेजारी बसवलं. "हळू, हळू, म्या काय पोतं हाय का!" अक्का ओरडली, आणि मला कळलं की दोघी सख्ख्या बहिणी आहेत.

काकूंनी गाडग्याचं फडकं सोडलं. दही असं लागलेलं, की वर आमच्या तोंडाचं प्रतिबिंब दिसेल. बोटानं एक ढेकूळ काढून त्यांनी अक्काच्या तोंडात घातलं. अक्कानं डोळे मिटले. खाल्लं. मग डोळे उघडले आणि तिला भिंतीपलीकडचं दिसलं.

पलीकडं त्यांच्या बापाचं शेत होतं. शेताच्या बांधावर चिंच. चिंचेखाली विहिरीचा काठ.

"सरे," अक्का म्हणाली, "चिंच हाय की गं अजून."

"हाय."

"मला वाटलं, तोडली. हे पोरगं सांगतंय हाय म्हनून, पन माझा इस्वास न्हवता."

दोघी बराच वेळ बघत बसल्या. मधूनमधून एक बोट गाडग्यात, एक तोंडात. आम्ही चौघं खाली उभे. माझे डोळे भरून आले होते, खोटं कशाला सांगू. कुणाला दिसू नये म्हणून मी वाकून टायरची हवा बघत होतो.

वरून अक्काचा आवाज आला. ऐकू कमी येणाऱ्या माणसांचा असतो तसा, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल एवढा.

"सरे, हिला काय म्हनत्यात गं?"

काकू तिच्या कानाशी वाकल्या आणि तेवढ्याच मोठ्यानं ओरडल्या, "लिफ्ट!"

"किती मजल्याची?"

"एकच मजला हाय, अक्का. पन पुरतोय."